दोन गाण्यांच्या मधलं

जुनी कॅसेट वाजवली की डेकच्या हेडवर तपकिरी राड बसते. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून ती पुसावी लागते, नाहीतर पुढची कॅसेट घोगरी वाजते. आमच्या मंडळाच्या डोक्यात किश्श्यांची अशीच राड साठलीय. अधूनमधून पुसली नाही तर आम्हीच घोगरे वाजायला लागू! म्हणून आज बोळा घेऊन बसलोय.

आधी मंडळ कोण ते सांगतो. मी सुभाष, भोरात मंडप आणि साउंडचा धंदा. दुसरे कोंडे सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. सर देव मानत नाहीत, आणि तसं दिवसातून दोनदा सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. तिसरा बबन, एसटीचा ड्रायव्हर. चौथी रोहिणी, पतसंस्थेत नोकरीला. वयाने आमच्या निम्मी आणि कानाने आमच्या दुप्पट.

आम्ही करतो काय, तर 'वरंधा' नावाच्या एका रॉक बँडची जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग शोधतो, साफ करतो आणि मागेल त्याला फुकट देतो. नव्वदीच्या सुरवातीला पुण्यात होस्टेलवरच्या चार पोरांनी हा बँड काढला. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, आणि गाणी मात्र आपल्या मावळातल्या मराठीत! गॅदरिंग, गणपती, जत्रा, कुणी बोलावलं की हे हजर. काही वर्षांनी बँड बंद पडला. एकाही कंपनीने त्यांची कॅसेट काढली नाही. जे शिल्लक आहे ते आमच्यासारख्या वेड्यांनी गर्दीत टेपरेकॉर्डर उंच धरून भरून घेतलेलं.

आणि गाणारा कोण? राजगडाच्या पायथ्याचे, पालीचे विलासदादा! पुण्यातले लोक 'आमचा पुण्याचा बँड' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. अहो, गिटार तुमची असेल, गळा आमचा होता!

* * *

मागे मुंबईहून एका साउंड इंजिनिअरचा फोन आला. आमचं काम त्याला फार आवडलं होतं.

"पण एक सुचवू का?" म्हणाला. "आता एआय आलंय. गर्दीचा आवाज अख्खा काढून टाकता येतो. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा, सगळं साफ! स्टुडिओत गायल्यासारखं वाटेल."

फोन स्पीकरवर होता. कोंडे सर पुढे सरकले. "तुमचं लग्न झालंय?"

"हो, झालंय ना."

"लग्नाच्या व्हिडिओतून सगळं वऱ्हाड काढून टाकलं तर काय उरेल?"

"काय?"

"भटजी!"

तेव्हापासून कुणी टाळ्या कापा म्हटलं की आम्ही त्याला नुसतं 'भटजी' म्हणतो. नियमच आहे आमचा. खरखर काढायची, पण माणूस काढायचा नाही.

या नियमाचा फायदा कसा होतो बघा. भोरच्या कार्यक्रमात एक हळुवार गाणं चालू आहे. गिटार थांबते, सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेत मागून कुणीतरी कोकलतो, "ओ शेठ, टेम्पो काढा!" आम्ही ते तसंच ठेवलं आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं.

चार महिन्यांनी फिनलंडहून एक व्हिडिओ आला. पाच दाढीवाले गडी ते गाणं वाजवतायत. भाषेचं खोबरं झालेलं, पण सूर पक्का. आणि बरोबर त्या जागी गिटार थांबते, आणि पाचही जण डोळे मिटून एका सुरात म्हणतात, "ओ शेठ, टेम्पो काढा!"

बबन म्हणाला, "आवाज खणखणीत हाय. आपल्या ष्ट्यांडावर अनाउन्सर लागंल."

मला मात्र भरून आलं. कारण तो टेम्पो आमचा होता, बरं का! वडिलांनी स्टेजच्या तोंडाशीच लावलेला. आमच्या टेम्पोला आज फिनलंडात चाहते आहेत!

* * *

भोंगवलीच्या जत्रेतलं रेकॉर्डिंग ही आमच्या मंडळाची शान आहे. तिथल्या लोकांनी 'वरंधा'ला ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं होतं. लावणीची फर्माईश यायला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना घोटाळा कळला, पण तोवर पोरांनी जत्रा डोक्यावर घेतली होती.

अडचण एकच. भरणाऱ्याच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले. त्यामुळे टेप हळू फिरली, आणि आता चांगल्या डेकवर लावली की सगळं भरभर पळतं. विलासदादा चौथीतल्या मुलीसारखे गातात! स्पीड कमी करायचा, पण किती? अंदाजाने केला तर ते दादा राहणार नाहीत, दुसराच कुणीतरी होईल.

रोहिणीने कान लावला आणि म्हणाली, "सर, मागं देवळाची घंटा वाजतीय. ती घंटा अजून असंल की!"

झालं! घंटेचा सूर काही बदलत नाही. कोंडे सर सकाळीच भोंगवलीला गेले. देवळात उभे राहून घंटेवर एक टोला, मोबाइलवर आकडा बघ, पुन्हा टोला. तासभर हेच. समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. आकडा मिळाला, स्पीड बसला, गाणं असं उभं राहिलं की अंगावर काटा आला.

पण भोंगवलीची बातमी सरांच्या आधी भोरात पोचली. सर घरी आले तर त्यांची बायको, आमच्या बाई, गल्लीत पेढे वाटतायत!

"अगं, मी फ्रिक्वेन्सी मोजत होतो!" सर ओरडले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मोजा की. मी कुठं नाही म्हणते? पण आता रोज जाऊन मोजा."

* * *

विलासदादा आता बोलत नाहीत, हे सांगायचं राहिलं. बँड बंद पडल्यावर पुढे काही वर्षांनी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. रोहिणी तेव्हा पाळण्यात होती. हो, रोहिणी त्यांचीच मुलगी! हेही सांगायचं राहिलं.

दादा पालीला भात करतात, दोन म्हशी आहेत, आणि शनिवार-रविवार राजगडावर येणाऱ्या ट्रेकरलोकांना जेवण देतात. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. भाकऱ्या वैनी करतात, वाढायला दादा. काही सांगायचं झालं तर मोबाइलवर टाइप करून दाखवतात. घरात टाळी वाजवतात. एक टाळी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे गुरं सुटली.

एकदा गडावरून उतरलेली पाच-सहा पोरं जेवायला बसली होती. एकाकडे गिटार. जेवण यायला वेळ होता म्हणून त्यांनी गाणं काढलं, आणि काढलं ते नेमकं 'वरंधा'चं! आम्हीच इंटरनेटवर टाकलेलं. दादा ठेचा वाढता वाढता थांबले. ऐकून घेतलं. मग मोबाइल काढला, टाइप केलं आणि पोराच्या नाकासमोर धरला, 'दुसऱ्या कडव्यात घाई करताय.'

पोरगं हसलं. "काका, हे रॉक आहे. रॉक असंच असतं!"

दादांनी मान डोलावली आणि त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची टाकली.

रोहिणी चुलीपाशी उभी राहून सगळं बघत होती. पोरं गेल्यावर ती बापावर उखडली. "पप्पा, सांगायचं की त्यांना! तुमचंच गाणं तुम्हाला शिकवून गेली ती!"

दादांनी शांतपणे टाइप केलं, 'गिऱ्हाईक आहे.'

* * *

आता रोहिणी मंडळात कशी आली ते ऐका.

आम्ही बरीच वर्षं आमच्या नादात होतो. एके दिवशी ही पोरगी माझ्या गोडाउनमध्ये आली, आपण कोण ते सांगितलं, आणि आम्ही तिघंही उभे राहिलो. साक्षात विलासदादांची मुलगी! आम्ही तिला एकामागून एक रेकॉर्डिंग ऐकवली. छाती फुगवून! ती ऐकत होती, मान डोलावत होती. शेवटी म्हणाली, "हे छानच आहे. पण हे गाणं झालं. माझे पप्पा बोलायचे कसे?"

सरांनी चालू डेक बंद केला.

"म्हणजे असं, की 'रोहिणी, इकडं ये' म्हणाले असते तर कसं म्हणाले असते? मला त्यांची टाळी ओळखू येते, लांबून येते. आवाज माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, 'बोलायचं मानसासारखं, आनि कसं?' गाणी लावली तर ती उठून गोठ्यात जाते. म्हणते, 'गाताना ते कुनी दुसरंच असायचं. मला त्यातलं काय कळत न्हाई.' म्हणून म्हटलं, तुमच्याकडे दोन गाण्यांच्या मधलं काही असेल. स्टेजवर माणूस काहीतरी बोलतोच ना?"

बोलायचे की! दादा गाण्याइतकंच बोलायचे. लोक हसून लोळायचे. मला पक्कं आठवत होतं. आम्ही सगळ्या टेप पुन्हा लावल्या. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

त्या काळी कोरी कॅसेट म्हणजे चैन. त्यामुळे भरणाऱ्याचं बोट कायम पॉजच्या बटणावर असायचं. गाणं संपलं की टक! पुढचं सुरू झालं की पुन्हा टक! यातला सगळ्यात मोठा वस्ताद आमचा बबन. "एका साठच्या कॅसेटीत आख्खा प्रोग्राम बशिवायचो!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्हीही त्याला दाद द्यायचो.

सगळ्या टेप तपासल्या. गाणं संपतं, दोन टाळ्या पडतात, टक. गाणं संपतं, टक. सगळीकडे तेच. फक्त एका ठिकाणी बबनचं बोट जरा उशिरा पडलं होतं. तिथे दादा म्हणतात, "तर मंड..." टक!

रोहिणीने तेवढा तुकडा मोबाइलवर घेतला. 'तर मंड.' येता-जाता ऐकायची. एकदा मला म्हणाली, "सुभाषदादा, माझ्या वाटणीला पप्पा एवढेच आले बघा."

बबन दोन दिवस गोडाउनकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "कॅसेट वाचिवली रं म्या. आन मानूस कापला."

त्या दिवसापासून मंडळाचं काम बदललं. गाणी आपोआप सापडतील, आपण मधलं शोधायचं!

* * *

एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असते, चालकाशी बोलू नये. लोक ती पाळतात. पण चालकाने लोकांशी बोलू नये अशी पाटी कुठेच नसते. बबनने भोर आणि वेल्ह्याच्या वाटेवरचा एकेक प्रवासी धरला. "नव्वदीतल्या बँडची टेप हाय का वो कुनाकडं? गानी नगं, बोलनं!" लोकांना वाटलं, नोकरीचा ताण डोक्यात गेला.

एक दिवस वेल्ह्याजवळ एक म्हातारे चढले. पांढरा फेटा, हातात काठी. बबनचं बोलणं ऐकून म्हणाले, "ती क्यासाळ पोरं? त्येंची टेप हाय की माज्याकडं."

हे नाना, त्या वेळचे त्यांच्या गावचे पोलीस पाटील. आम्ही चौघेही त्यांच्या घरी जाऊन थडकलो. नानांनी चहा सांगितला आणि हकिकत सांगितली. वेल्ह्याच्या मैदानावर कार्यक्रम ठरला तेव्हा कुणीतरी तक्रार केली होती. म्हणे ही लांब केसांची पोरं स्टेजवरून वाट्टेल ते बोलतात, गावात भांडणं लावतील. म्हणून नाना स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसले.

मी पुढे सरकलो. "नाना, सगळा कार्यक्रम भरला का?"

"सगळा कशापायी? सेल काय फुकट येत्यात?"

"म्हणजे?"

"गानं सुरू झालं का बंद करायचो. गानं संपलं का चालू. गान्यात काय पुरावा असतोय व्हय? पुरावा बोलन्यात असतोय!"

बबनने तिथेच नानांच्या पायावर डोकं ठेवलं. नानांना काही कळेना. ते म्हणाले, "वंगाळ काय सापडलं न्हाई पर. पोरगं बरं बोलत व्हतं."

* * *

टेप मिळाली, पण तिची दशा बघवत नव्हती. माळ्यावर ठेवलेली, वर कौलं गळलेली. ओलीने टेपचे वेढे एकमेकांना चिकटले होते. तशीच फिरवली तर तुटणार. सर म्हणाले, मंद गरम हवा पाहिजे, एकसारखी, बराच वेळ. उन्हात नाही, चुलीवर नाही, ओव्हनमध्ये तर नाहीच.

एकसारखी मंद हवा भोरात एकाच ठिकाणी मिळते. शालनताईंच्या बचत गटाचं पापड वाळवायचं मशीन!

शालनताई म्हणजे करारी बाई. कॅसेट उलटसुलट करून बघितली. "ह्यात हाय काय?"

रोहिणी म्हणाली, "माझ्या पप्पांचा आवाज आहे. ऑपरेशनच्या आधीचा. मी ऐकला नाही कधी."

ताई उठल्या. मशीनमधले तयार होत आलेले जिऱ्याचे पापड त्यांनी सगळे बाहेर काढले. "वास लागंल," म्हणाल्या. मधलं ताट पुसून घेतलं, त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं आणि कॅसेट स्वतःच्या हाताने ठेवली. सर आकडा सांगत होते, ताई बटण फिरवत होत्या.

संध्याकाळी मी चौकशीला गेलो तर ताई मशीनला पाठ लावून स्टूलवर बसलेल्या. गटातली एक नवी सून सवयीने झाकण उघडायला आली. ताई अशा कडाडल्या की मीच दोन पावलं मागे सरलो.

"हात लावू नगंस! आत मानूस हाय!"

* * *

टेप सुटी झाली. पण सर म्हणाले, ही एकदा नीट वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. आम्ही आधी भोरात वाजवून बघणार होतो. रोहिणी म्हणाली, "नको. एकदाच वाजणार असेल तर घरीच वाजू दे. पप्पांच्या समोर."

रविवारी दुपारी आम्ही पालीला गेलो. साउंडवाला माणूस मी, माझ्याकडचा सगळ्यात चांगला स्पीकर नेला. ओटीवर डेक मांडला. वाजता वाजता कॉपी व्हावी म्हणून सरांनी लॅपटॉप जोडला. बबनचं बोट सवयीने पॉजकडे जाईल म्हणून त्याला लांब बसवलं. ट्रेकर जेवून गेले होते, आता घरातल्यांची जेवणं व्हायची होती. वैनी आत चुलीपाशी.

रोहिणी आत जाऊन म्हणाली, "आई, बाहेर ये की."

"तुमी वाजवा तुमचं. मला हितं काम पडलंय," वैनी म्हणाल्या. आग्रह कुणी केला नाही.

दादा भिंतीला टेकून बसले. चेहरा असा, जसं दुसऱ्याच कुणाचं तरी काही ऐकायचंय. मी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग खूप टाळ्या. आणि मग, शेजारी माणूस येऊन बसावा इतक्या जवळून आवाज आला.

"बास, बास! टाळ्या ऱ्हाऊ द्या. आधी झाडावरची मंडळी खाली उतरा. फांदी मोडली तर आमी भरून देनार न्हाई!"

माणसं हसतात. टक! नानांनी गाणं वगळलेलं.

"पुढलं गानं आमच्या म्हशीवर हाय. हसू नका, लई गुनाची हाय ती. म्या गायला लागलो का दूध जादा देती. तुमी नुसत्या शिट्ट्याच देताय!"

टक.

रोहिणीने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. ती हसत होती आणि डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. दादा स्पीकरकडे एकटक बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, टेपच्या मागोमाग, अगदी बरोबर. खरं सांगतो, आयुष्यात मी मंत्र्यासंत्र्यांच्या सभांना साउंड लावले, पण त्या दुपारी एका स्पीकरचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही.

पुन्हा टक. मोठं गाणं होऊन गेलं असणार, कारण आता दादांना धाप लागलेली ऐकू येत होती. माइकपासून तोंड फिरवून ते बहुतेक स्टेजवरच्याच कुणाला तरी म्हणाले, मोठ्याने नाही, घरात म्हणावं तसं,

"जरा पानी आन की."

आतून हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. वैनी पिठाच्या हाताने तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो विलासदादांच्या पुढे धरला. दादांनी घेतला. मान वर करून सगळं पाणी प्याले आणि रिकामा तांब्या परत दिला.

"आता सारक्या हाका मारू नका," वैनी म्हणाल्या, "तव्यावर भाकरी हाय."

आणि आत गेल्या.